सगळं नॉर्मल होतं, तरी लिव्हर बिघडत होतं

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेल्या पुनरुक्ती थोड्या कमी केल्या आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. आज आमच्या घरातली गोष्ट सांगणार आहे. आप्पांना विचारून सांगतोय. ते म्हणाले, "सांग, कोनाले तरी उपेग व्हई."

मी मूळचा कोरीटचा, नंदुरबार तालुक्यातला. बीटेक झालं, आता पुण्यात नोकरी करतो. घरी आई आणि आप्पा असतात. शेती आहे, कापूस आणि मिरची. आप्पांचं वय आज ५९. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. हे आधीच सांगतोय, कारण लिव्हरचा आजार म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न तोच असतो, "पित होते का?"

गोष्ट सुरू होते २०१२ मध्ये. एका नातेवाइकाच्या ऑपरेशनसाठी रक्त द्यायला आप्पा गेले होते. तिथे कळलं की त्यांचं रक्त चालणार नाही. नंतर एका लॅबमधून जो कागद आला त्यावर लिहिलं होतं, "ऑस्ट्रेलिया अँटिजेन : पॉझिटिव्ह". आप्पा हसत म्हणाले, "मी सुरतना पुढे गऊ नही, नि ऑस्ट्रेलिया कथाइन उनं?"

हे नाव का पडलं ते सांगतो. १९६०च्या दशकात बारूक ब्लुमबर्ग या अमेरिकन संशोधकाला एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात हे प्रथिन सापडलं, म्हणून ऑस्ट्रेलिया अँटिजेन. पुढे कळलं की तो हिपॅटायटिस बी, म्हणजे 'कावीळ ब'च्या विषाणूचा भाग आहे. ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं, आणि त्यांच्या वाढदिवशी, २८ जुलैला, जागतिक हिपॅटायटिस दिन पाळतात.

आप्पांना तेव्हा सांगण्यात आलं, "तुम्ही नुसते कॅरिअर आहात, काही करायची गरज नाही." डोळे पिवळे नाहीत, भूक चांगली, मग कसली कावीळ? विषय संपला. २०१६ मध्ये शुगर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. त्यानंतर अधूनमधून रक्त तपासलं की सोबत लिव्हरच्या तपासण्याही व्हायच्या. प्रत्येक वेळी उत्तर एकच, सगळं नॉर्मल.

२०२३ची दिवाळी. मी घरी आलो होतो. आईने कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात सगळे रिपोर्ट. काही तर इतके फिके झालेले की आकडे दिसेनात. म्हटलं, चला, गूगल शीटमध्ये टाकून ठेवू. डोक्यात फक्त एवढंच होतं की कागद हरवायला नकोत.

तीन वर्षांचे आकडे नीट मिळाले. ऐका.

२०१७, वय ५१. एसजीओटी ३०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट २ लाख ३२ हजार.

२०२०, वय ५४. एसजीओटी ३४, एसजीपीटी ३१, प्लेटलेट १ लाख ९० हजार.

२०२३, वय ५७. एसजीओटी ३९, एसजीपीटी २५, प्लेटलेट १ लाख ५५ हजार.

त्या रिपोर्टवर एसजीओटीची मर्यादा ४० होती, एसजीपीटीची ४५, आणि प्लेटलेट दीड लाख ते साडेचार लाख. म्हणजे एकही आकडा मर्यादेबाहेर नाही. लॅबचं सॉफ्टवेअर बाहेरचा आकडा ठळक छापतं. तिन्ही कागदांवर ठळक काहीच नव्हतं. पण एकाखाली एक लिहिल्यावर मला जे दिसलं ते असं: प्लेटलेट सहा वर्षांत एक तृतीयांश कमी झालेत. एसजीपीटी उतरतोय, एसजीओटी चढतोय. आणि मधेच कुठेतरी दोघांनी जागा बदललीय.

ऑफिसमध्ये आम्ही सर्व्हरचे आकडे बघतो ना, तिथे एक गोष्ट पक्की शिकलोय. मेमरी आज मर्यादेच्या आत आहे याला अर्थ नाही, ती रोज थोडी थोडी कमी होतेय का ते बघायचं. आप्पांच्या रिपोर्टकडे असं कोणी बघितलंच नव्हतं. प्रत्येक रिपोर्ट वेगळा बघितला गेला, वेगळ्या वर्षी, वेगळ्या माणसाकडून. आणि त्यात मीही आलो. कारण दर वेळी फोनवर आप्पा म्हणायचे "नॉर्मल शे," आणि मी म्हणायचो "मस्त!"

आता हे आकडे काय सांगतात ते समजून घेऊ. मी डॉक्टर नाही. पण नंतर डॉक्टरांकडून जे समजून घेतलं आणि वाचलं, ते सोपं करून सांगतो.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइम लिव्हरच्या पेशींच्या आत असतात. पेशीला इजा झाली की ती रक्तात गळतात. म्हणून आकडा वाढला तर पेशींना इजा होतेय. बरोबर. पण उलटं खरं नाही. आकडा वाढला नाही म्हणून लिव्हर ठीक आहे, असं नसतं. वर्षानुवर्षं सूज राहिली की लिव्हरमध्ये वण धरत जातात, जखम भरल्यावर कातडीवर पडतो तसे. याला फायब्रोसिस म्हणतात, आणि फार पुढे गेलं की सिरॉसिस. वणांनी जागा घेतली की गळायला पेशीच कमी उरतात. मग एसजीपीटी 'छान' दिसू लागतो! आमच्याकडे तो ३६ वरून २५ वर आला तेव्हा आम्ही खूश होतो.

आणि प्लेटलेट? त्यांचा लिव्हरशी काय संबंध? तर आतड्यांकडून येणारं रक्त एका मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये जातं. लिव्हर वणांनी घट्ट झालं की त्या शिरेत दाब वाढतो. प्लीहेचं, म्हणजे पाणथरीचं रक्तही त्याच शिरेत येतं, म्हणून पाणथरी फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून राहतात. शिवाय प्लेटलेट तयार करायला सांगणारं एक हार्मोन मुख्यतः लिव्हरच बनवतं, तेही कमी पडतं. म्हणजे साध्या सीबीसीमधला प्लेटलेटचा आकडा लिव्हरबद्दल बोलत असतो, आणि आपण तो फक्त डेंग्यूच्या वेळी बघतो.

हे सगळं एकत्र करणारं एक सूत्र आहे, नाव 'फिब-४'. २००६ मध्ये ते मांडलं गेलं, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांच्या अभ्यासातून. चार गोष्टी लागतात: वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. वयाला एसजीओटीने गुणा. मग प्लेटलेटला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. झालं. वेगळी तपासणी नाही, वेगळा खर्च नाही.

मी फोनवर लगेच केलं. उत्तर आलं २८७! माझे हात गार पडले. मग लक्षात आलं की आपल्याकडे प्लेटलेट लाखात लिहितात, १.५५ लाख. सूत्राला हजारात हवेत, म्हणजे १५५. इंजिनिअर असून एककात चुकलो. परत केलं. ५७ गुणिले ३९ म्हणजे २२२३. खाली १५५ गुणिले ५, कारण २५चं वर्गमूळ ५. म्हणजे ७७५. उत्तर २.८७.

२०१७चं काढलं, १.१०. २०२०चं, १.७४. आता २.८७.

साधारण नियम असा, की १.३च्या खाली असेल तर वण बरेच पुढे गेले असण्याची शक्यता कमी. २.६७च्या वर गेलं तर शक्यता जास्त, लिव्हरच्या डॉक्टरांकडे जा. मधलं असेल तर पुढची तपासणी करून बघायची. आप्पा तिन्ही पायऱ्या चढले होते, आणि तिन्ही वेळा रिपोर्ट 'नॉर्मल' होता.

रात्री ओट्यावर बसून आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मले काय व्हयेल शे? मी रोज वावरमा जास." आई काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, "एकदा दाखाडी ल्या ना."

डिसेंबरमध्ये आम्ही रेल्वेने सुरतला गेलो. आमच्या भागातले लोक मोठ्या दवाखान्यासाठी सुरतच गाठतात, सुरत-भुसावळ लाइन घरासमोरच असल्यासारखी. तिथल्या डॉक्टरांनी शीट बघितली, आणि त्यांचं बोट सगळ्यात आधी प्लेटलेटच्या रांगेवर गेलं. फायब्रोस्कॅन केला. त्यात सोनोग्राफीसारखाच दांडा बरगड्यांमध्ये टेकवून लिव्हर किती कडक आहे ते मोजतात. दुखत नाही, फक्त तीन तास काही खायचं नसतं. आकडा आला १३.८ किलोपास्कल. सिरॉसिसची सुरुवात. पोटात पाणी नाही, कावीळ नाही, लिव्हर अजून काम करत होतं. पण वाटेने बरंच पुढे गेलेलं.

आप्पा हळूच म्हणाले, "इतला वरीस कोन्ही सांगं नही." त्यांनी हे डॉक्टरांकडे बघून म्हटलं, पण मला वाटलं ते मलाच म्हणतायत.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मधुमेह असलेल्या प्रत्येकाच्या घरी माहीत हवी. आप्पांचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, २०२० मध्ये ८.२ होतं. २०२३ मध्ये ते ६.६ आलं. आम्ही अक्षरशः पेढे वाटले. शुगरवाल्या घरात पेढे, हो, माहितेय. (हसू.) पण घरच्या मशीनवर जेवणानंतरची शुगर २३०-२४० यायची. आम्हाला वाटायचं मशीन खराब आहे.

मशीन बरोबर होतं. एचबीए१सी मोजतं ते लाल पेशींना चिकटलेली साखर. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. पाणथरी फुगली की ती लाल पेशीही लवकर मोडते. पेशी तरुणच मेली तर तिला साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि आकडा खोटा खोटा कमी येतो. म्हणजे लिव्हर जसं बिघडत गेलं तशी शुगर कागदावर सुधारत गेली! दोन आजार एकमेकांना झाकत होते.

आपल्या नंदुरबारच्या मंडळींसाठी यात आणखी एक गाठ आहे, सिकलसेल. भिल्ल, पावरा समाजात तो बऱ्यापैकी आढळतो. १ जुलै २०२३ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्याची कार्डं तुम्ही पाहिली असतील. सिकलसेलचा आजार असेल तर लाल पेशी मुळातच लवकर मोडतात. तिथे एचबीए१सीवर विसंबता येत नाही. आणि मोडलेल्या लाल पेशींमधून एसजीओटीही बाहेर पडतं, म्हणजे फिब-४ सुद्धा चकवू शकतं. त्यामुळे घरात कोणाला सिकलसेल असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, स्वतःहून सांगा.

मग फिब-४ला देव मानायचं का? अजिबात नाही. ताप, डेंग्यू, मलेरिया असताना प्लेटलेट तसेही उतरतात, तेव्हा काढू नका. पस्तिशीच्या आत ते फारसं भरवशाचं नाही. ६५च्या पुढे वयामुळेच आकडा फुगतो, म्हणून तिथे खालची मर्यादा १.३ऐवजी २ धरतात. आणि हिपॅटायटिस बीमध्ये ते सीइतकं नेमकं चालत नाही. त्याने रोगाचं निदान होत नाही. पुढची तपासणी कोणाला आधी हवी, एवढंच ते सांगतं.

याचं एक भावंड आहे, 'एप्री'. ते आणखी सोपं. एसजीओटीला लॅबच्या मर्यादेने भागायचं, मग हजारातल्या प्लेटलेटने भागायचं, आणि १००ने गुणायचं. आप्पांचं ०.६३ आलं. मार्च २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस बीसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात मोठ्या माणसाचं एप्री ०.५च्या वर असेल तर उपचार सुरू करा असं आहे. आणि नीट ऐका, हिपॅटायटिस बीसोबत मधुमेह असणं हेही त्यात उपचार सुरू करण्याचं एक कारण म्हणून दिलंय. त्याच कागदात एसजीपीटीची मर्यादा पुरुषांना ३० आणि बायकांना १९ धरली आहे. आपल्या लॅबच्या ४५शी तुलना करून बघा. २०१७ मध्ये आप्पांचा ३६ होता. तेव्हाच तो जास्त होता.

मधुमेहाचा एवढा मुद्दा का? कारण मधुमेहात लिव्हरमध्ये चरबी आणि वण दोन्ही जास्त धरतात. वर विषाणू. दोघं मिळून सिरॉसिसकडे आणि लिव्हरच्या कॅन्सरकडे जायचा वेग वाढवतात. दोन बैल एकाच दिशेला ओढतात, पण गाडी खड्ड्याकडे चाललीय.

आता चांगली बातमी. उपचार आहे, आणि सरकारी यंत्रणेत मोफत आहे. २८ जुलै २०१८ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या उपचार केंद्रांवर हिपॅटायटिस बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. तुमच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बीची गोळी आप्पांसारख्यांना रोज, वर्षानुवर्षं घ्यावी लागते. ती विषाणूला दाबून ठेवते. मनाने बंद करायची नाही, विषाणू उसळून येतो आणि लिव्हर अचानक बिघडू शकतं. मधुमेहात किडनीवरही ताण असतो, म्हणून सोबत क्रिएटिनिन बघत राहायचं.

आप्पांना गोळी सुरू होऊन आता जवळपास दोन वर्षं होतील. यंदाचे आकडे: एसजीओटी ३१, एसजीपीटी २२, प्लेटलेट १ लाख ६८ हजार. वय ५९. फिब-४ आलं २.३२. कमी झालं, बरं वाटलं. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, सूज उतरली म्हणजे वण पुसले गेले असं नाही. त्यामुळे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, सोबत एएफपी नावाची रक्ततपासणी, कॅन्सरची चाहूल लवकर लागावी म्हणून. हे आकडा कितीही सुंदर आला तरी चुकवायचं नाही. शुगरसाठी आता घरच्या मशीनची वही ठेवतो. शुगरच्या औषधांचा डोसही डॉक्टरांनी बदलला, कारण लिव्हर कमजोर असताना काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने शुगर एकदम खाली जाऊ शकते.

आईची आणि माझी तपासणी झाली. दोघंही निगेटिव्ह. देशभरातल्या लसीकरणात हिपॅटायटिस बीची लस २०११ मध्ये आली, म्हणजे माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना लहानपणी ती मिळालेलीच नाही. आम्ही आता तीन डोस घेतले, पहिला, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात.

गावात थोडी कुजबुज झाली. "त्यासनं ताट येगळं ठेवतस का?" असं कोणीतरी आईला विचारलं. नाही ठेवत. एका ताटात जेवल्याने, एका तांब्यातलं पाणी प्यायल्याने हा आजार पसरत नाही. पसरतो तो रक्तातून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला. आणि म्हणून शुगरवाल्यांनी एक काळजी घ्यायची. गल्लीत एकाकडे मशीन असतं आणि एकाच पेनने चारजण बोट टोचतात, हे बंद करा. सुई आणि पेन ज्याचं त्याचं. आणि काविळीची माळ गळ्यात घालून थांबू नका. डोळे पिवळे होणं ही या आजारात बऱ्याचदा फार उशिराची खूण असते.

तर मंडळी, आज एक काम करा. सुट्टीत घरी जाल तेव्हा, किंवा आजच व्हॉट्सअॅपवर, आईवडिलांच्या सगळ्या जुन्या रिपोर्टचे फोटो मागवा. एक शीट करा. तारीख, वय, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट, शुगर. एकाखाली एक लिहा. ठळक काय छापलंय ते सोडा, आकडा कुठे चाललाय ते बघा. शुगर असेल आणि हिपॅटायटिस बी-सी कधी तपासलंच नसेल, तर एकदा तपासून घ्या. काही वावगं दिसलं तर घाबरून औषध बदलू नका. ती शीट घेऊन डॉक्टरांकडे जा. एवढंच आपलं काम आहे.

माझ्याकडे ते कागद सहा वर्षं होते. घरात, कपाटात, पिशवीत. सूत्रही २००६ पासून सगळ्यांसाठी उघडं होतं. फक्त कोणीतरी बसून एकाखाली एक लिहायचं राहिलं होतं. २०२०ला लिहिलं असतं तर तीन वर्षं आधी सुरतला गेलो असतो. हे मला अजून टोचतं, आणि म्हणून हा भाग केला.

काल फोन केला तेव्हा आप्पा मिरचीच्या पथारीवर होते. म्हणाले, "तुन्हा त्या कागदमा मना नवा आकडा लिखी ले, आज रिपोर्ट उना." आता ते "नॉर्मल शे" म्हणत नाहीत. आकडा सांगतात.

चला, भेटू पुढच्या भागात. घरच्यांना फोन करा.